मिशीवाली आई : गिजुभाई बधेका

गुजरातेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींना भावनगर म्हटले की गांठिया आठवतो, जहाजे फोडण्याचे अलंग आठवते आणि तख्तेश्वराची टेकडी आठवते. संध्याकाळी टेकडीवरच्या देवळात गेले की सारे शहर पायाशी पसरलेले दिसते. याच टेकडीच्या परिसरात १९२२ साली एका वास्तूचे उद्घाटन कस्तुरबा गांधींच्या हस्ते झाले. ती अडीच ते सहा वर्षांच्या मुलांची शाळा होती. शाळेला शाळा न म्हणता बालमंदिर म्हणायचे, असे तिथल्या मंडळींनी ठरवले होते. शाळा हा शब्द ऐकला की मुले आईच्या पदराआड लपत असत, असा तो काळ होता. हे बालमंदिर ज्यांनी उभे केले ते मूळचे शिक्षक नव्हेत, वकील. त्यांचे नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. सारा गुजरात त्यांना गिजुभाई म्हणून ओळखतो. चांगल्या भरघोस मिशा असलेल्या या गृहस्थांना लोकांनी मूछाळी मा, म्हणजे मिशीवाली आई, अशी पदवी बहाल केली, आणि कोणत्याही सरकारी किताबापेक्षा ती अधिक टिकली.

गिजुभाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ चा. गाव चितळ, आजच्या अमरेली जिल्ह्यातले. बालपण गेले वळा म्हणजे वलभीपूर येथे. प्राथमिक शिक्षण गावच्या शाळेत झाले. गावची शाळा म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून आपण ऐकलेच आहे. पाढे, घोकंपट्टी, छडी, आणि धडा आला नाही तर अंगठे धरून उभे राहणे. पुढे ते भावनगरला आले, शामळदास महाविद्यालयात दाखल झाले, पण शिक्षण अर्धवट सोडावे लागले. पोटापाण्यासाठी १९०७ मध्ये पूर्व आफ्रिकेला गेले. तिथल्या दोन वर्षांत स्वतःचे काम स्वतः करायची सवय अंगी बाणली. ही सवय पुढे बालमंदिरात फार उपयोगी पडली. परत आल्यावर १९१० मध्ये मुंबईला कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाणला वकिली सुरू केली. वकिली बरी चालू लागली होती.

मग १९१३ साली मुलगा झाला, नरेंद्र. मूल झाल्यावर आपण सगळेच थोडे बदलतो, पण गिजुभाई जरा जास्तच बदलले. या मुलाला कसे वाढवायचे, तो मोठा झाला की कोणत्या शाळेत घालायचे, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला. ज्या शाळेत आपण शिकलो त्याच प्रकारच्या शाळेत आपला मुलगा जाणार, ही कल्पना त्यांना सहन होईना. ज्याला त्याला ते याविषयी विचारू लागले. अशा विचारपुशीतून त्यांना खेडा भागातल्या वसो या गावी जाऊन मोतीभाई अमीन यांना भेटण्याचा सल्ला मिळाला.

इथे थोडे थांबून मोतीभाईंविषयी सांगायला हवे, कारण गिजुभाईंच्या चरित्रात त्यांच्यावर बहुधा एकच ओळ खर्ची पडते. वसो हे गाव तेव्हा बडोदे संस्थानात होते. आपल्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. पण मुले वाचायला शिकली आणि गावात वाचायला काहीच नसले, तर चार वर्षांत ती अक्षरे विसरतात. हे महाराजांच्या लक्षात आले होते. म्हणून त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि गावोगावी मोफत वाचनालयांचे जाळे विणायला सुरुवात केली. गावाने आपला वाटा वर्गणीने जमवायचा, त्यात संस्थानाने भर घालायची. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवायच्या, एक पेटी वाचून झाली की दुसरी. हे जाळे गुजराती खेड्यांत प्रत्यक्ष पोचवणारा माणूस म्हणजे मोतीभाई अमीन. गुजरातच्या ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुस्तक कुलपात ठेवायचे नसते, ते माणसाच्या हाती पडेल अशा ठिकाणी ठेवायचे असते, हा त्यांच्या साऱ्या कामाचा पाया होता.

वसोला मोतीभाईंनी लहान मुलांच्या शिक्षणातही नवे प्रयोग आरंभले होते. गिजुभाईंनी ते पाहिले. निघताना मोतीभाईंनी त्यांच्या हाती इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीची माहिती देणारे एक गुजराती पुस्तक ठेवले. वकिलाला शिक्षक करणारे पुस्तक त्याला एका ग्रंथपालाने द्यावे, हा योगायोग मला फार सुंदर वाटतो. मॉन्टेसरीबाईंनी रोममधल्या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी आपले पहिले बालगृह उघडले होते. मूल हे रिकामे मडके नसून त्याच्या आतच शिकण्याची ओढ असते, मोठ्यांनी त्याच्या मापाची जागा आणि साधने तेवढी तयार करून द्यावीत आणि बाजूला व्हावे, हे त्यांच्या विचाराचे सार. गिजुभाई हे वाचून झपाटले गेले. आधी घरीच नरेंद्रवर आणि शेजारपाजारच्या मुलांवर प्रयोग सुरू झाले.

तिकडे भावनगरला नृसिंहप्रसाद ऊर्फ नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये दक्षिणामूर्ती ही संस्था सुरू केली होती. दक्षिणामूर्ती म्हणजे गुरुरूपातले शंकर. मौन राहून शिष्यांना ज्ञान देणारे. आपल्या बाप्पाचे वडीलच की! संस्थेचे कायदेशीर काम पाहता पाहता गिजुभाई तिच्यात ओढले गेले आणि १९१६ मध्ये वकिलीला रामराम ठोकून ते पूर्णवेळ तिथे दाखल झाले. सुरुवातीला ते मोठ्या मुलांच्या विनयमंदिरात शिकवत, तिथे आचार्यही झाले. पण थोड्याच काळात त्यांच्या ध्यानात आले की मुले आपल्याकडे येतात तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते. वाचायचा कंटाळा, प्रश्न विचारायची भीती, मास्तर दिसले की मान खाली. पाया कच्चा राहिलेल्या घराच्या वरच्या मजल्याला रंग देण्यासारखे हे काम होते. म्हणून सहाच्या आतल्या मुलांसाठी काहीतरी केले पाहिजे असा आग्रह त्यांनी सहकाऱ्यांकडे धरला. १९२० च्या ऑगस्टमध्ये बालमंदिर सुरू झाले. एक गंमत पाहा. ज्या नरेंद्रसाठी ही सारी धडपड सुरू झाली तो तोवर सात वर्षांचा झाला होता, म्हणजे बालमंदिराच्या वयोमर्यादेच्या बाहेर गेला होता!

आता त्या खोलीत जाऊया. कारण गिजुभाईंचे खरे काम तिथे आहे.

त्या काळच्या वर्गात एक उंच खुर्ची असे, तिच्यापुढे टेबल, टेबलावर छडी. मुले रांगेत, तोंडे एकाच दिशेला. गिजुभाईंच्या खोलीत यातले काही नव्हते. मुलांनी हवी तशी उचलून हव्या त्या जागी पसरावी अशी आसने होती. साधने मुलाच्या हाताला येतील अशा ठेंगण्या फडताळांत उघड्यावर मांडलेली. कुलूप नाही, विचारायची गरज नाही. घ्यायचे, वापरायचे, झाले की जागच्या जागी परत ठेवायचे. एवढा एकच नियम, आणि तो मोठ्यांनाही लागू. एक मूल मणी मोजते आहे, दुसरे झाडांना पाणी घालते आहे, तिसरे नुसते खिडकीपाशी बसून बाहेर पाहते आहे, आणि त्या तिसऱ्याला कोणी हटकत नाही. मारणे नाही, ओरडणे नाही. बक्षीसही नाही, हे विशेष. शिक्षा वाईट हे पुष्कळांना पटते, पण बक्षिसाची लालूचसुद्धा मुलाला कामाच्या आनंदापासून दूर नेते, असे गिजुभाई मानत. पालकांना ते पचायला जड जाई.

या खोलीत वाचन कसे येई ते पाहण्यासारखे आहे. पाटीवर अ गिरवून सुरुवात होत नसे. खरकागदाची अक्षरे केलेली असत. मूल त्यांवरून बोट फिरवी, आणि डोळ्यांच्या आधी बोटाला अक्षर कळे. मग सुटी अक्षरे जुळवून शब्द करायचे. पुढे चिठ्ठ्या येत. चिठ्ठीवर एखाद्या वस्तूचे नाव लिहिलेले. मुलाने ते मनात वाचायचे आणि उठून ती चिठ्ठी त्या वस्तूपाशी नेऊन ठेवायची. त्यानंतर छोट्या आज्ञा: दार लाव, पाणी आण, नाच. मूल चिठ्ठी उघडते, ओठ हलतात, आणि एकदम उठून नाचू लागते! त्याला वाचता आले की नाही याची वेगळी परीक्षा घ्यायची जरूरच उरत नाही. मोठ्याने वाचून दाखव, अडखळलास, पुन्हा वाच, हे सारे टळते. चारचौघांत अडखळण्याच्या भीतीने वाचनाचा कायमचा धसका घेतलेली माणसे आपल्या आजूबाजूला थोडी नाहीत.

मात्र गिजुभाई हे मॉन्टेसरीबाईंची नक्कल करणारे नव्हते. एका महत्त्वाच्या बाबतीत त्यांनी गुरूची वाट सोडली, आणि माझ्या मते तिथेच त्यांचे मोठेपण आहे. मॉन्टेसरीबाईंना अगदी लहान मुलांसाठी परीकथा, अद्भुतकथा पसंत नव्हत्या. मुलाने आधी खऱ्या जगाशी ओळख करून घ्यावी असे त्यांचे मत. गिजुभाई सौराष्ट्राचे. जिथे चारण-भाट रात्र रात्र गोष्टी सांगतात, जिथे आजीच्या मांडीवर कावळा, चिमणी, ससा आणि राजा सगळे एकत्र नांदतात, त्या मातीतला हा माणूस गोष्टीवाचून मुलांना ठेवील कसा? बालमंदिरात रोज गोष्ट होई. लोकगीते होत, गरबे होत, पडदा-रंगभूषेवाचून नाटके होत. लोकांच्या तोंडी असलेल्या गोष्टी त्यांनी गोळा केल्या, मुलांच्या तोंडात बसतील अशा बोलीत लिहून काढल्या आणि लहान लहान पुस्तकांच्या रूपाने छापल्या. त्यांची लहानमोठी पुस्तके मोजली तर संख्या दोनशेच्या घरात जाते. गोष्ट कशी निवडावी, कशी सांगावी, कुठे थांबावे, यावर त्यांनी वार्तानुं शास्त्र हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यातला त्यांचा एक आग्रह आजच्या शिक्षकांनी आणि आपण आईवडिलांनीही लक्षात घेण्याजोगा आहे. गोष्ट संपल्यावर तिचे तात्पर्य सांगत बसू नये आणि मुलांना तिच्यावर प्रश्नही विचारू नयेत. गोष्ट आनंदासाठी असते. तिच्या शेपटीला उपदेश बांधला की मूल पुढच्या वेळी गोष्ट ऐकतानाही सावध बसते. १९२९ साली त्यांना रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाला. गुजराती साहित्यातला हा मानाचा सन्मान मुलांच्या लेखकाला मिळाला, ही त्या काळी साधी बाब नव्हती.

बालमंदिर नामांकित झाले. पाहायला माणसे येऊ लागली, आणि त्याबरोबर आक्षेपही आले. हे सारे साधनसंपन्न संस्थेत जमते. तिथे मुले मोजकी, शिक्षक ध्येयवादी, इमारत टेकडीवर. सरकारी प्राथमिक शाळेत, जिथे वर्गात मुले खच्चून भरलेली, डोक्यावर परीक्षा आणि साहेबांची तपासणी, तिथे हे कसे जमावे? आक्षेप खरा होता. गिजुभाईंनी त्याला उत्तर दिले ते एका गोष्टीच्याच रूपाने. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे दिवास्वप्न हे पुस्तक आले. पुस्तक सव्वाशे पानांच्या आसपासचे, पण भारतीय शिक्षणावरचे इतके वाचले गेलेले दुसरे पुस्तक क्वचितच असेल.

त्यातला कथा सांगणारा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि एका वर्षासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो. डोक्यात पुस्तकी योजना भरपूर. पहिल्या दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ खेळायला सांगतो. दारे-खिडक्या लावतो, अंधार करतो. आणि मुले? कोणी मांजराचा आवाज काढतो, कोणी खिदळतो, सगळा बोजवारा. बिचारा त्या दिवशी मुलांना लवकर सोडून देतो आणि रात्रभर विचार करतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो. राजाची, राण्यांची, लांबलचक, दिवसेंदिवस चालणारी. वर्ग चिडीचूप. घंटा झाली तरी मुले उठत नाहीत. बाजूच्या वर्गातले मास्तर कुरकुरतात, मुख्याध्यापकांना काळजी पडते की अभ्यासक्रमाचे काय होणार. आणि तो मास्तर शांतपणे गोष्ट सांगतच राहतो.

मग तो हळूच पुढची चाल खेळतो. गोष्टी पुस्तकांत असतात हे मुलांना कळू देतो. पुस्तके वर्गात आणून ठेवतो. ज्याला पुढे काय झाले ते जाणून घ्यायची घाई झाली आहे तो हात घातल्याशिवाय राहीलच कसा? मुले पुस्तकांवर तुटून पडतात. पण पुस्तके मोजकी. तेव्हा त्याला एक साधा हिशेब सुचतो. वर्गातल्या प्रत्येक मुलाने तेच एक पाठ्यपुस्तक विकत घ्यायचे, म्हणजे वर्गात एकाच पुस्तकाच्या तितक्या प्रती. त्याऐवजी तेच पैसे एकत्र केले तर तितकी निरनिराळी पुस्तके येतील आणि प्रत्येकाला सगळी वाचता येतील. यातूनच वर्गाचे वाचनालय जन्माला येते. पालक खूश नसतात, पाठ्यपुस्तक नाही म्हणजे अभ्यास नाही अशी त्यांची समजूत. गिजुभाईंनी ही अडचण लपवली नाही, आणि म्हणूनच पुस्तक खरे वाटते. त्या वर्गात मास्तर झाडू घेऊन केर काढतात, मुलांची वाढलेली नखे, तुटलेली बटणे, मळक्या टोप्या यांकडे लक्ष देतात. स्वच्छतेचे हे प्रकरण वाचताना प्रथम वाटते की वाचनाचा आणि नखांचा काय संबंध. पण जरा विचार केला की ध्यानात येते. जिथे बसावेसे वाटते तिथेच वाचावेसे वाटते. धुळीत, कोंदट खोलीत, कोणाची तरी छडी केव्हा पडेल या धास्तीत बसलेले मूल अक्षरे पाहील, वाचणार नाही.

मला आठवते, आम्ही शिकलो त्या शाळेत पुस्तकांचे कपाट होते. काचेचे, सुंदर. किल्ली मुख्याध्यापकांकडे. वर्षातून एकदा ते उघडे, तपासणीच्या दिवशी. पुस्तके कोरी करकरीत होती आणि तशीच राहिली. दिवास्वप्न वाचताना त्या कपाटाची आठवण होते, आणि गिजुभाईंच्या ठेंगण्या, उघड्या फडताळाची किंमत कळते. पुस्तके फाटतील ना, असे कोणी म्हणेल. फाटतात. मुले त्यांना गोंद लावायलाही शिकतात.

गिजुभाईंच्या या कामात एका मराठी बाईंचा वाटा किती मोठा आहे, हे आपल्या स्मरणिकेत सांगितलेच पाहिजे. ताराबाई मोडक, माहेरच्या केळकर, जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबईच्या. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या. संसार टिकला नाही, १९२१ मध्ये विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी. राजकोटला स्त्रियांच्या बार्टन अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्य झाल्या. गोऱ्या बाईंच्या जागी बसलेली पहिली भारतीय स्त्री. पगार चांगला, बंगला, मान. अशात त्यांना भावनगरच्या प्रयोगाविषयी कळले. १९२३ मध्ये ती नोकरी सोडून मुलीला घेऊन त्या गिजुभाईंकडे आल्या. त्या काळात एकटी बाई, परका प्रांत, परकी भाषा, आणि मिळकत पहिल्यापेक्षा कितीतरी कमी. परप्रांतात संसार मांडणे काय असते हे आपण जाणतो, पण आपल्यापाठीशी मंडळ असते, चार मराठी घरे असतात. ताराबाई गुजराती शिकल्या आणि पुढली नऊएक वर्षे बालमंदिराच्या आधारस्तंभ झाल्या. गिजुभाई कल्पनेच्या भराऱ्या घेणारे, ताराबाई शिस्तीच्या आणि काटेकोर. १९२५ मध्ये अध्यापन मंदिर निघाले आणि बालशिक्षिका तयार होऊ लागल्या. त्याच सुमारास भावनगरला मॉन्टेसरी परिषद भरली, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाचे शिक्षणपत्रिका हे मासिक गुजरातीत निघे. त्याची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंनी चालवली आणि गिजुभाईंचा विचार महाराष्ट्रात घरोघरी पोचवला.

१९३० च्या सत्याग्रहात गिजुभाई बालमंदिराबाहेर पडले. बार्डोली भागातल्या निर्वासित शेतकऱ्यांच्या छावणीत राहिले, सुरतेत मुलांची वानरसेना उभी केली, प्रौढांना अक्षरओळख करून देण्याची योजना आखली. १९३६ मध्ये ते दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले. सोळा वर्षे ज्या खोल्यांत मुलांबरोबर जमिनीवर बसले त्या खोल्या सोडणे त्यांना सोपे गेले नसावे. पुढे राजकोटला शिक्षक घडवण्याचे काम त्यांनी नव्याने हाती घेतले, पण शरीर थकले होते. मुंबईत २३ जून १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. त्याच वर्षी, फेब्रुवारी महिन्यात, सयाजीराव महाराज गेले होते, मोतीभाई अमीनही त्याच वर्षी गेले. आणि वर्ष सरता सरता मारिया मॉन्टेसरी स्वतः भारतात आल्या, मद्रासला अड्यार येथे. ज्यांच्या पुस्तकाने त्यांचे सारे आयुष्य बदलले त्या बाईंची भेट गिजुभाईंच्या नशिबी नव्हती. काही महिन्यांचीच तर चुकामूक!

ताराबाई मात्र पुढे दीर्घकाळ काम करत राहिल्या. १९३६ मध्ये मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले होतेच. पण गिजुभाईंना विचारला गेलेला तो प्रश्न, की हे गरिबांच्या शाळेत कसे जमायचे, त्यांचा पिच्छा सोडीना. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आजचा पालघर) बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गावातल्या दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगण सारवायचे, मुलांना आंघोळ घालायची, आणि तिथेच गोष्टी, गाणी, अक्षरे. महागडी मॉन्टेसरी साधने कुठून आणणार? गारगोट्या, बिया, पाने, शंख-शिंपले, बांबूचे तुकडे हीच साधने. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे चारायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, मुले गुरांमागे आणि शिक्षक मुलांमागे. भावनगरची टेकडी आणि कोसबाडची टेकडी यांत अंतर पुष्कळ, पण फडताळ दोन्हीकडे ठेंगणेच होते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ पासून, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

दिवास्वप्न हिंदी, इंग्रजी, मराठी आणि इतर भारतीय भाषांत उपलब्ध आहे, शिक्षकांच्या प्रशिक्षणात ते वाचायला दिले जाते. हिंदीत गिजुभाईंना पोचवण्याचे मोठे श्रेय काशिनाथ त्रिवेदी यांचे. पण मोठ्यांसाठीच्या पुस्तकांपेक्षा त्यांच्या गोष्टी अधिक दूर पोचल्या आहेत. आपली मुले गुजराती मित्रांकडून ऐकून घरी येतात आणि दला तरवाडीची गोष्ट सांगतात. दला दुसऱ्याच्या वाडीत जातो, मालक नाही असे पाहून वाडीलाच विचारतो की दोन-चार वांगी घेऊ का, आणि आवाज बदलून वाडीच्या वतीने स्वतःच परवानगी देतो, तीही दहा-बारा घेण्याची. शेवटी मालक त्याला पकडतो आणि विहिरीला विचारून विचारून बुचकळ्या मारतो. पानवाल्याच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत गुजरातेत दला तरवाडीचे नाव घेतले की सगळ्यांना कळते कोणाविषयी बोलणे चालले आहे. आमच्या घरी ही गोष्ट निम्मी गुजरातीत आणि निम्मी मराठीत सांगितली जाते, आणि बुचकळ्या किती मारायच्या यावर दर वेळी भांडण होते.